खोटं वाटलं नाही, याचाच त्रास होतो

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय 43. एकोणिसाव्या वर्षी मी देव सोडला. रागातून नाही की फॅशन म्हणूनही नाही. वाचून, भांडून, विचार करून सोडला. गेली बारा वर्षं आम्ही सात-आठ जण दर पंधरा दिवसांनी जमतो, विवेकवादावर वाचतो, बोलतो. हे मंडळ मीच सुरू केलं.

चार महिन्यांपूर्वी वडील गेले. शेवटच्या आठवड्यात रात्रीचा मी त्यांच्याजवळ असायचो. ते श्रद्धाळू होते. माझ्या नास्तिकपणावरून आमचं एके काळी कडाक्याचं भांडण झालं होतं. पुढे दोघांनीही तो विषय बाजूला ठेवला. जाण्याच्या दोन रात्री आधी ते म्हणाले, ‘लहानपणी म्हणायचास ती प्रार्थना म्हण.’ मी म्हटली. चोवीस वर्षांत एकदाही म्हटली नव्हती, तरी आठवली. एका ओळीला अडखळलो, तेव्हा ती त्यांनी पुरी केली.

अडचण अशी आहे की ती म्हणताना मला खोटं वाटायला हवं होतं आणि ते वाटलं नाही. उलट इतकं स्वच्छ, इतकं खरं मला क्वचितच काही वाटलं असेल. त्या वेळी खोलीत आम्हा दोघांहून मोठं काहीतरी होतं, असं लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

माझ्या मेहुण्याला हे कळलं. तेव्हापासून तो रोज युक्तिवाद पाठवतो. विश्व आपोआप कसं येईल, त्याचे आकडे इतके नेमके कसे, मेंदूतून जाणीव कशी उगवते, देव नसेल तर चांगलं-वाईट कशाच्या आधारावर ठरवायचं. एरवी मी चोख उत्तरं दिली असती. आता उत्तर टाइप करतो आणि पुसून टाकतो. मंडळात काहीच बोललेलो नाही. मी ढोंगी झालोय का? हा दुःखाचा परिणाम आहे, की इतकी वर्षं माझंच चुकत होतं? आणि देव न मानता अध्यात्म म्हणजे मागच्या दाराने देवाला आत घेणंच नाही का?

— एक अडखळलेला नास्तिक

उत्तर

ढोंगाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यांत सोपा आहे. ढोंग करायचं तर समोरच्याला काहीतरी खोटं भासवावं लागतं. तुम्ही वडिलांना काय भासवलंत? मुलगा आस्तिक झाला असा त्यांचा समज झाला असेल, हे मला पटत नाही. ज्या माणसाने तुमच्याशी त्याच मुद्द्यावरून कडाक्याचं भांडण केलं, त्याला तुम्ही कुठे उभे आहात ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तुमचं मत विचारलंच नव्हतं. प्रार्थना म्हणायला सांगितली होती.

विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञाने याबद्दल एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे. आपण प्रिय माणसाच्या फोटोचं चुंबन घेतो, तेव्हा त्या चुंबनाचा फोटोतल्या माणसावर काही परिणाम होईल, असा सिद्धान्त मनात धरून घेत नाही. प्रत्येक धार्मिक कृतीच्या पोटात विश्वाविषयीचं एखादं चुकीचं विधान दडलेलं असतं, असं समजणाऱ्या विद्वानांवर तो वैतागला होता. तुमची प्रार्थना हे विधान नव्हतंच, त्यामुळे ते खोटं ठरण्याचा प्रश्न येत नाही.

मी इथे थांबले तर तुमची सुटका होईल. ‘ती फक्त प्रेमाची कृती होती’ असं म्हणून तुम्ही पुढच्या बैठकीला मोकळ्या मनाने जाल. पण पत्रातलं ते वाक्य, लाज वाटत असतानाही लिहिलेलं, मला तसं थांबू देत नाही. तुम्हाला काहीतरी वाटलं, आणि तुमच्या आजवरच्या हिशेबात ते मांडायला रकाना नाही. खरी अडचण ही आहे.

तो रकाना का नाही, हे पाहायचं तर तुम्ही स्वतःला लावलेल्या शब्दापासून सुरुवात करू. ‘नास्तिक’ हा शब्द आपण आज ‘देव न मानणारा’ या अर्थाने वापरतो. जुना अर्थ तो नव्हे. पाणिनीचं सूत्र आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे किंवा नाही, ते सूत्रात सांगितलेलं नाही. टीकाकार तिथे परलोक घालतात. मनुस्मृती तर सरळ म्हणते, ‘नास्तिको वेदनिन्दकः’. म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. देव या हिशेबात कुठेच आलेला नाही. त्यामुळे सांख्य दर्शन जगाच्या मांडणीत ईश्वराला जागा न देताही आस्तिक गणलं गेलं. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांतला कुमारिल भट्ट जगाला कुणी निर्माता आहे हे मत कसून खोडतो, आणि तरी त्याच्याइतका वेदाभिमानी सापडणं कठीण. जैन आणि बौद्ध निर्माता मानत नाहीत, पण माणसाने आतून बदलण्याची त्यांची शिस्त भल्याभल्या ईश्वरवाद्यांहून कडक आहे.

हा इतिहास सांगण्यामागे हेतू आहे. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही ‘देव नाही’ असं ठरवलंत. माझा अंदाज असा, की त्या एका वाक्यासोबत आणखी दोन वाक्यं न बोलावता तुमच्या घरात शिरली. एक, जे आहे ते सगळं जडच आहे. जाणीव, मूल्य, अर्थ हे सगळं त्या जडाच्या हालचालीला आपण दिलेलं नाव. दोन, म्हणून विश्वाविषयी आदराने, शरणभावाने काही वाटणं हा भ्रम किंवा दुबळेपणा. ‘देव नाही’ हे वाक्य तुम्ही भांडून मिळवलंत. बाकीची दोन त्याच्याबरोबर फुकट आली. मेहुण्याचे युक्तिवाद ‘देव नाही’ या वाक्यावर रोखलेले आहेत, पण त्यांतले बरेचसे नेमके ‘सगळं जडच आहे’ यावर जाऊन लागतात. म्हणून तुम्ही उत्तर टाइप करून पुसता. आतून जाणवतं की बाण काही अगदीच फुकट गेलेला नाही.

आता ते बाण एकेक पाहू. सगळे सारख्या वजनाचे नाहीत.

‘विश्व आपोआप कसं येईल’ हा त्यांतला सगळ्यांत जुना. न्यायदर्शनातला उदयनाचार्य, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, हाच मुद्दा कार्य आणि कर्ता या भाषेत मांडतो: घडा दिसला की कुंभार असतो, तसं जग दिसतं तर त्याचाही कर्ता असणार. त्याच्या बऱ्याच आधी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने याला चिमटा काढला होता. वारूळसुद्धा मातीचंच असतं आणि त्यालाही आकार असतो. म्हणून ते कुंभाराने केलं असं म्हणायचं का? मला हे उत्तर फार आवडतं. घड्यामागे कुंभार असतो हे आपल्याला कळतं, कारण आपण कुंभाराला काम करताना पाहिलेलं असतं. जग होताना कुणी पाहिलं?

पण वारूळ दाखवून सगळं संपत नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने 1714मध्ये प्रश्न जरा वेगळा विचारला: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? इथे पहिल्या क्षणाचा प्रश्न नाही. जग अनादि असलं तरी हा प्रश्न तसाच उरतो. 1948मध्ये बीबीसीच्या एका चर्चेत फ्रेडरिक कोपलस्टन या जेझुइट तत्त्वज्ञाने बर्ट्रांड रसेलला त्यावर धरलं, तेव्हा रसेल म्हणाला की विश्व आहे, बस्स, एवढंच. तरुणपणी मला हे उत्तर बाणेदार वाटायचं. आता वाटतं की ते उत्तर नव्हतं, प्रश्न मिटण्याची ती एक तऱ्हा होती. मात्र ‘देव आहे, बस्स’ हीसुद्धा प्रश्न मिटण्याचीच तऱ्हा आहे. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने हे किती प्रामाणिकपणे हाताळलंय पाहा. सृष्टी कुठून आली हे परमव्योमातून जो पाहतो त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ते सूक्त संपतं. मेहुण्याला एवढं पाठवा. तो चिडणार नाही, तुम्हालाही खोटं बोलावं लागणार नाही.

आकड्यांचा मुद्दा, म्हणजे निसर्गाचे स्थिरांक जीवसृष्टीला नेमके सोयीचे कसे, हा मला मधल्या वजनाचा वाटतो. त्यामागची एक गोष्ट खरोखर थक्क करणारी आहे. 1953मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलने असं अनुमान केलं, की कार्बनच्या अणुकेंद्राला एका विशिष्ट ऊर्जेची अवस्था असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांमध्ये पुरेसा कार्बन तयारच होणार नाही आणि आपण इथे नसू. प्रयोग करून पाहिलं, ती अवस्था सुमारे 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला सापडली. हॉइल धार्मिक नव्हता. महास्फोटाची कल्पना त्याला नापसंत होती; ‘बिग बँग’ हे नाव त्यानेच 1949मध्ये रेडिओवर वापरलं. तरी पुढे त्याने लिहिलं, की कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी खेळ केलाय असं वाटावं अशी ही वस्तुस्थिती आहे. उलट बाजूने अनेक विश्वांची कल्पना येते, त्यांतल्या आपल्याला मानवणाऱ्या विश्वात आपण आहोत, इतकंच. दोन्हीपैकी एकही आज तपासता येत नाही. अशा अवस्थेत विज्ञानाचा ताजा शोध हातात घेऊन देव सिद्ध करायला धावू नये, हे ज्याने सांगितलं तो स्वतः धर्मगुरू होता. जॉर्ज लमेत्र. विश्वाच्या आरंभाची ती कल्पना मुळात मांडणारा तोच. 1951मध्ये पोप बारावे पायस यांनी तिचा संबंध बायबलमधल्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्रला ते रुचलं नाही. आपल्या उपपत्तीने धार्मिक प्रश्नात पडू नये, असंच त्याचं मत होतं. (‘क्वांटम’ हा शब्द उच्चारून अध्यात्म विकणाऱ्यांना लमेत्र कुणीतरी समजावून सांगावा.)

जाणिवेचा मुद्दा मात्र जड आहे, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

मेंदूबद्दल आपल्याला पुष्कळ कळलंय आणि रोज कळतंय. कुठला भाग दुखावला की भाषा जाते, कुठल्या औषधाने भान हरपतं. पण 1995मध्ये डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने ज्याला ‘अवघड प्रश्न’ म्हटलं, तो वेगळा आहे. चेतापेशींमधल्या हालचालींची पूर्ण यादी हातात आली, तरी ती हालचाल कुणाला तरी आतून ‘जाणवते’ ती कशामुळे? दुखणं म्हणजे केवळ संदेश असेल तर तो दुखतो कशामुळे? तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने 1974मध्ये वटवाघळाचं उदाहरण घेतलं. त्याच्या प्रतिध्वनी टिपण्याच्या यंत्रणेबद्दल सगळं शिकलात तरी वटवाघूळ असणं आतून कसं असतं, ते त्या माहितीत येत नाही.

या वादाला एक गमतीदार शेपूट आहे. 1998मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूवैज्ञानिकाने चाल्मर्सशी पैज लावली, की पंचवीस वर्षांत जाणिवेमागची मेंदूतली नेमकी यंत्रणा स्पष्ट झालेली असेल. 2023मध्ये कॉखने हार मानली आणि उंची वाइन देऊन पैज चुकती केली. यावरून विज्ञान कधीच तिथे पोचणार नाही, असं सिद्ध होत नाही. शिवाय पैज मेंदूतल्या खुणेपुरती होती. अवघड प्रश्न त्याच्याही पलीकडचा. पण ‘जाणीव म्हणजे मेंदूचीच एक प्रक्रिया, त्यात काय एवढं’ असं जे तुम्ही मंडळात बारा वर्षं सहज म्हणत आला असाल, ते वाक्य म्हणजे उसनवारी आहे. शोध लागण्याआधीच त्याचं श्रेय घेतलेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, माझ्या मते तीच तुमच्या कामाची आहे. नेगेल नास्तिक आहे, आणि उघडपणे आहे. 2012मध्ये त्याने एक अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, की जाणीव, बुद्धी आणि मूल्य यांना जागा न देणारं निव्वळ जडवादी चित्र अपुरं आहे. त्यासाठी त्याला देव लागला नाही. त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला बरंच धारेवर धरलं. तुम्हाला तुमच्या मंडळात कशाची भीती वाटते ते मला यावरून कळतं.

बुद्धीचाच प्रश्न घ्या. 1881मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, डार्विनने एका पत्रात लिहिलं: विश्व हा निव्वळ योगायोग नाही असं आतून वाटतं खरं, पण मग एक भयंकर शंका येते, की खालच्या प्राण्यांपासून घडत आलेल्या मनाच्या खात्रीला किंमत ती किती? डार्विनने ही शंका देवाच्या बाजूला झुकणाऱ्या खात्रीवर सोडली होती. पण अशी शंका एकदा मोकळी सुटली की ती फक्त शेजाऱ्याच्या अंगणात चरत नाही. मन जगण्यापुरतं घडलं असेल, तर ‘सगळं जडच आहे’ या त्याच मनाच्या निष्कर्षावरही तीच शंका घ्यायला हवी. अमेरिकी तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा याने 1993मध्ये यातूनच जडवादाविरुद्ध रीतसर युक्तिवाद उभा केला. माझं मत विचाराल तर तो अर्धाच पटतो. वाघाबद्दल चुकीचं मत बाळगणारे पूर्वज फार टिकले नसणार, तेव्हा जगायला उपयोगी बुद्धी बरीचशी खरीही असणार. पण वाघापासून पळायला घडलेल्या बुद्धीला अणूच्या पोटातलं गणित कसं काय जुळतं? यूजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने 1960मध्ये गणिताच्या या चालण्याला ‘न समजणारी देणगी’ म्हटलं होतं. तो प्रवचन देत नव्हता, आपल्या धंद्यातली अडचण सांगत होता.

राहिलं चांगलं-वाईट. मेहुणा म्हणतो देवाशिवाय त्याला आधार नाही. हे मात्र साफ चूक आहे, आणि ते प्लेटोच्या काळापासून माहीत आहे. देवाला आवडतं म्हणून चांगलं ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? पहिलं असेल तर चांगुलपणा ही लहर ठरते. दुसरं असेल तर देव असो-नसो, चांगुलपणा आपल्या पायांवर उभा आहे. तरीही तुम्हाला एक विचारते. भोंदूबाबाने आजारी बाईला लुबाडलं की तुमच्या मंडळाला संताप येतो. तो संताप म्हणजे फक्त तुमच्या टोळीची उत्क्रांत झालेली सवय, असं तुम्ही खरंच मानता? का तुम्हाला वाटतं, की ते कुणाला काहीही वाटो, वाईटच आहे? दुसरं असेल, तर वजनकाट्यावर न येणारी एक गोष्ट तुम्ही आधीपासून खरी मानत आला आहात. ‘आहे’वरून ‘असावं’ काढता येत नाही हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिलं. तरी तुम्ही ‘असावं’साठी भांडता. माझ्या हिशेबी तुमच्यातली ही सगळ्यांत आध्यात्मिक गोष्ट आहे, आणि ती त्या रात्रीच्या कितीतरी आधीची आहे.

आता दुसऱ्या पारड्यात. मी स्वतः रोज पहाटे अर्धा तास गप्प बसणारी बाई आहे. समोर मूर्ती नसते, मनात नाव नसतं. तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून झाल्यावरही एका प्रश्नापुढे माझ्याकडे काही नाही. 1 नोव्हेंबर 1755च्या सकाळी लिस्बनला भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, चर्चं भरलेली होती, ती प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळली. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाचा हिशेब त्या दिवशी जिथे अडला तिथेच तो आजही आहे. तुमच्या वडिलांच्या यातनांना ‘पूर्वसंचित’ किंवा ‘त्याची योजना’ म्हणून कुणी अर्थ लावून देऊ लागला, तर तिथून उठून जा. त्यासाठी नास्तिक असण्याची गरज नाही, माणूस असणं पुरेसं आहे.

आणि अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हेही खरं. ए. जे. एअर हा विसाव्या शतकातला कडवा तर्कवादी. 1988मध्ये घास घशात अडकून त्याचं हृदय चार मिनिटं थांबलं. त्या अवस्थेत त्याने एक तीव्र लाल प्रकाश पाहिला, आणि शुद्धीवर आल्यावर ते सगळं लिहून काढलं. तो आस्तिक झाला का? नाही. पण पुढे त्याने खुलासा केला तो मला फार प्रामाणिक वाटतो: मरणानंतर काही नाही ही आपली समजूत ढळलेली नाही, त्या समजुतीबद्दलचा ताठरपणा मात्र सैल झाला आहे. तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा एअरच आठवला.

म्हणजे दुःखाचा परिणाम की इतकी वर्षं चूक, या तुमच्या प्रश्नात मला खोट दिसते. दुःखाने डोळ्यांवर धुकं येतं हे खरं. पण दुःखातच आपण काही गोष्टी पहिल्यांदा नीट पाहतो हेही तितकंच खरं, आणि त्या रात्री यांतलं कुठलं घडलं ते चार महिन्यांत ठरणार नाही. दुःखात दिसलं म्हणून ते खोटं, असं म्हणाल तर सुखात बसून केलेला नास्तिकपणाही त्याच न्यायाने बाद करावा लागेल.

मागच्या दाराचा मुद्दा उरला. अध्यात्म म्हणजे लपवलेला देव असं तुम्ही धरून चाललाय. योगसूत्रांत मात्र एक छोटं अक्षर आहे. चित्त स्थिर करण्याचे उपाय सांगताना पतंजली म्हणतो, ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’. शेवटचा तो ‘वा’ पाहा. किंवा. ईश्वराला शरण जाणं हा एक मार्ग आहे, पण तो ‘किंवा’ने जोडलेला आहे. अध्यात्माचा एवढा मोठा ग्रंथ देवाला पर्याय म्हणून ठेवतो, तर तुम्ही दाराच्या कड्या कशाला मोजता? मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूने जग शाश्वत की अशाश्वत हे कळल्याशिवाय साधना करणार नाही, असा हट्ट धरला, तेव्हा बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण कुणी मारला, धनुष्य कुठल्या लाकडाचं होतं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असं म्हणणारा तो माणूस तसाच मरेल.

तुमच्या मंडळातला एखादा म्हणेल, पुरावा अपुरा असताना काहीही मानणं हे नेहमी आणि सर्वत्र गैरच आहे. हे म्हणणं इंग्रज गणितज्ञ डब्ल्यू. के. क्लिफर्डचं, 1877 सालचं, आणि जिथे थांबून तपासता येतं तिथे ते मला शंभर टक्के मान्य आहे. जुनाट जहाज न तपासता समुद्रात सोडणारा मालक हे त्याचंच उदाहरण. पण 1896मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिलं, की काही गोष्टी आधी पाऊल टाकल्याशिवाय कळतच नाहीत. समोरच्याला मी आवडतो याचा पुरावा मिळेपर्यंत मी त्याच्याशी थंडपणे वागेन, असं ठरवणाऱ्याला मैत्री कधी मिळत नाही. पुरावा त्याच्याच थंडपणाने मारलेला असतो. जेम्सने दिलेली सूट फार थोड्या ठिकाणी लागू पडते. औषध निवडताना नाही, मत देताना नाही. पण वडिलांच्या उशाशी बसलेला मुलगा त्या थोड्या ठिकाणांत नक्की मोडतो.

आता करायचं काय.

स्वतःवरची पाटी बदलू नका. निदान वर्षभर तरी नको. ‘मी आता आस्तिक झालो’ असं जाहीर करण्याची घाई आणि ‘तो क्षणिक दुबळेपणा होता’ असं जाहीर करण्याची घाई, दोन्ही एकाच अस्वस्थतेतून येतात.

रोज पंधरा-वीस मिनिटं गप्प बसून पाहा. मंत्र नको, ॲप नको, गुरू तर नकोच. श्वास येतो-जातो तो पाहायचा. काही घडलं तर घडलं, कंटाळा आला तर कंटाळा पाहायचा. तो ‘मोठं काहीतरी’चा अनुभव पुन्हा यावा म्हणून बसू नका, तसा तो येत नाही. जो कुणी तो आणून देण्याची हमी देईल, त्याच्याबाबतीत तुमचा जुना संशय अजिबात कमी करू नका. तो संशय तुम्ही कष्टाने कमावलेला आहे.

मेहुण्याच्या युक्तिवादांना युक्तिवादाने उत्तर देणं थांबवा. त्याला एकदा घरी बोलवा आणि विचारा, तू प्रार्थना करतोस तेव्हा नेमकं काय करतोस? माझा अनुभव असा की या प्रश्नावर रोज संदेश पाठवणारी माणसंही जरा वेळ गप्प होतात, आणि मग बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

मंडळातल्या एकाला, सगळ्यांना नव्हे, त्या रात्रीबद्दल सांगा. ज्याने स्वतःचं कुणी गमावलंय असा निवडा. बारा वर्षं आठ माणसं एकत्र बसताहेत आणि त्यांतल्या कुणालाच असलं कधी काही वाटलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. आणि ते हसले, तर निदान तुमच्या विवेकवादी मंडळात कुठले प्रश्न विचारायची सोय नाही, ते तुम्हाला कळेल.

शेवटी एक, जरा खाजगी. तुम्ही अडखळलात आणि वडिलांनी ओळ पुरी केली, एवढंच पत्रात लिहिलंत. भांडण झालेल्या माणसाने चोवीस वर्षांनी पुरी केलेली ती ओळ कोणती, ते लिहिलं नाहीत. छापणार नाही. पण लिहून पाठवाल का?